हत्यारं घरी ठेवून

माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे, आणि या कामात त्याचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नाही. बहीण आहे म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मी त्याला आजवर शिव्याच जास्त घातल्या आहेत. भिंतीला कान लावून पाणी कुठे मुरतंय ते तो सांगतो. पण दुपारचं जेवण व्हायच्या आत बाटली उघडायची, आणि मग लोकांच्या मोऱ्या तुंबलेल्याच राहायच्या.

शेवटी भावजय लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना आदळआपट केली नाही, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "ताई, दारू सोडणाऱ्यांच्या सभा भरतात म्हणे. त्यांनी एकदा तिथे जाऊन तोंड उघडावं आणि मला स्वतः फोन करून सांगावं. मग परत यायचं बघू. तुम्ही सांगितलेलं चालणार नाही. तुम्ही नेहमी त्यांच्यावर पांघरूण घालता."

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. मग सभा शोधायला मीच निघाले. मी शाळांचे गणवेश शिवते, ओळखी भरपूर. पण असलं काही विचारायचं म्हटलं की जीभ जड होते. दवाखान्यातल्या नर्सला मी म्हटलं, "एका ओळखीच्यांसाठी हवंय हो."

"सगळे ओळखीच्यांसाठीच विचारतात," ती म्हणाली आणि तिने एक नंबर दिला.

फोनवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. त्यांनाही मी ओळखीच्यांचंच सांगितलं. "मंगळवारी संध्याकाळी. वाचनालयाच्या मागे, जिन्याखालची खोली. पाटी नाही."

"पाटी नाही? मग माणसानं शोधायचं कसं?"

"पाटी असती तर तुमचे ओळखीचे आले असते का?"

मी पत्ता लिहून घेतला.

मंगळवारी भाऊ दाढीबिढी करून निघाला. खांद्याला हत्यारांची पिशवी.

"ही कशाला?"

"वाटेत कोणी भेटलं तर कामाला चाललोय म्हणता येईल."

मला पटलं. रात्री परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. सभा कशी झाली विचारलं, तर "चांगली माणसं आहेत," म्हणाला आणि झोपला. पुढच्या मंगळवारी बाह्यांबरोबर पँटही ओली. तेव्हा मात्र मी त्याला धरलाच.

निघालं ते असं. हा पहिल्या दिवशी दारात उभा राहिला. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, सगळ्यांनी वर पाहिलं. पिशवी बघून कोणीतरी विचारलं, "नळासाठी आलात का?" आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "हो." मागच्या मोरीतला नळ गळत होता. यानं वॉशर बदलला, सगळ्यांना नमस्कार केला आणि आला घरी. दुसऱ्या वेळी फ्लशची टाकी दुरुस्त करून आला. भिंतीच्या अलीकडे सभा, पलीकडे आमचे साहेब.

हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना. "आणि आता पुढच्या वेळी? नवी पाइपलाइन टाकणार होतास?"

तो हसला नाही. "ताई, कामाला आलोय म्हटलं की मान वर राहते. त्या खुर्चीत बसलो की मी कोण?"

एवढा वेळ चढलेला माझा राग तिथेच उतरला. पण पिशवी मी माझ्या कपाटात कोंडली आणि पुढच्या मंगळवारी त्याच्याबरोबर स्वतः गेले. सभेत घरच्यांना बसायची मुभा होती. जिन्याखाली त्याचे पाय अडखळले. मी मागे उभी होते, त्यामुळे पळायला वाट नव्हती.

"या," फोनवरचे तेच आजोबा म्हणाले. "पण आज काही बिघडलेलं नाही."

रिकामे हात कुठे ठेवावेत ते भावाला समजेना. खिशात घातले, बाहेर काढले, मागे बांधले. मग म्हणाला, "आज कामाला नाही आलो. मी दारू पितो. थांबता येत नाही मला."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी वास आला होता."

मी भडकलेच. "मग बोलला का नाहीत? माझा भाऊ दोन मंगळवार तुमची फुकट कामं करत बसला!"

"आम्ही कोणाला ओढून बसवत नाही, बाई. खुर्ची मात्र दोन्ही वेळा एक जास्त ठेवली होती." मग जरा थांबून म्हणाले, "आणि नळ खरंच गळत होता हो."

सगळी खोली हसली. भाऊही हसला, आणि हसता हसता खुर्चीत बसला. कोणी घाई केली नाही. शेवटी जमिनीकडे बघत तो म्हणाला, "माझी लेक जवळ यायच्या आधी लांबूनच वास घेते. मग ठरवते, यायचं की नाही." हे त्यानं मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर बस स्टॉपवर आल्यावर मी सवयीनं भावजयीचा नंबर लावायला लागले. "राहू दे, मी करतो," म्हणत त्यानं स्वतःचा फोन काढला. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, पलीकडे तिला ऐकू जाईना.

"आत गेलो होतो!" तो ओरडला. "अगं, दारू सोडायच्या सभेला! बसलो. बोललो. पुढच्या मंगळवारीपण जाणार आहे!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांत आमच्या गल्लीतला दूधवालाही होता, म्हणजे सकाळपर्यंत बातमी दारोदार पोचणार. भावानं त्याला पाहिलं. आवाज खाली आणला नाही, तोंडही फिरवलं नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडतेय," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "लेकीला देते म्हणाली."

आमची बस आली आणि निघून गेली. तो लेकीशी बोलत होता, तर चढणार कशी? मी दूधवाल्याजवळ गेले आणि म्हटलं, "माझा भाऊ आहे तो." त्याला ते वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तरी मला सांगायचंच होतं.