नटाखालचा रंग

मी पत्रकं लिहिते. ओढ्यात घाण सोडणाऱ्या रिसॉर्टवाल्यांविरुद्ध, खड्ड्यावर वरवर डांबर शिंपडून पळणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध. अर्धवट काम दिसलं की माझं डोकं तापतं. हे लिहिणं मात्र आभाराचं आहे. सवय नाही, सांभाळून घ्या.

बाबांची जुनी अँबॅसिडर तीन वर्षं कर्जतजवळ कळंबला घरामागे उभी होती. त्यांची नजर कमी झाली आणि गाडी चालवणं सुटलं. यंदा आत्याच्या साठीला लोणावळ्याला याच गाडीतून जायचं, असा त्यांनी हट्टच धरला. चालवणार मी. आई म्हणाली, "घाटात काही झालं तर साठी तिकडं आणि तेरावं इकडं." इंजिन आणि ब्रेक मेकॅनिकने ठीक केले. राहिली चाकं. लोखंडी डिस्कवर गंजाचे पापुद्रे सुटले होते.

चाकं काढून मी खालापूरला एका चाचांच्या शेडमध्ये नेली. गाड्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी टायर उतरवले, तारेच्या ब्रशने गंज काढला, हातोडीने ठोकून ठोकून लोखंड कुठे आतून खाल्लंय का ते ऐकलं. मग प्रायमर, मग घासणं, मग रंगाचे पातळ पातळ हात. मी रोज फोन करायची, "झालं का?"

"मोर्चा हाय का कुठं? वाळू दे गं."

गुरुवारी चाकं घरी आली. सायीसारखा रंग, एक ओघळ नाही. पण उलटून पाहिलं तर ब्रेकच्या ड्रमला टेकतो तो भाग आणि नटांच्या भोकांच्या कडा कोऱ्या! कॅपखाली झाकलं जाणार म्हणून सोडलं! मी फोन लावला.

"चाचा, दिसत नाही तिथं काम करायचं नाही, हेच आमचे ठेकेदार करतात. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

"पोरी, तिथं..."

मी फोन कापला. कर्जतहून रंगाचा डबा आणला आणि त्या सगळ्या कोऱ्या जागांवर ब्रशने दोन जाड हात दिले. शनिवारी सकाळी चाकं चढवली, पान्यावर उभी राहून नट आवळले, कर्जतपर्यंत जाऊन आले. आणि चाचांना उलट्या चाकाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "तुमचं अर्धं काम मी पूर्ण केलं."

दीड-दोन तासांत चाचा आमच्या दारात टेंपोतून उतरले. हातात पाना. कॅप काढली, पाना लावला आणि एका हाताने नट फिरवला. फिरला. शेजारचाही फिरला.

"किती जोर लावलेलास?"

"उभी राहिले होते पान्यावर."

"मग आता का फिरतो? नट लोखंडावर बसाया पायजे. तू रंगावर बसवलास. रंग दबला, नट सैल. उद्या घाटात चाक पुढं गेलं असतं नि तुमी मागं."

ओट्यावरून बाबा म्हणाले, "काढ आता पत्रक. स्वतःवर."

मी माफी मागायला लागले. "ती मागून. आधी जॅक लाव," चाचा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं थिनरच्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने माझी करामत खरवडत होतो. प्रत्येक भोकाच्या कडेवरून ते बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून हाय." मध्येच म्हणाले, "ठेकेदार म्हणालीस, ते लागलं मला. पण फोटू बघितल्यावर घरात बसवंना."

मी पुढचं भोक खरवडायला घेतलं. आजवर ज्यांच्यावर मी आवाज चढवला, त्यांच्यातलं कुणी माझा जीव वाचवायला टेंपो पकडून आलं नव्हतं. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना ते बजावून गेले, घाट लागायच्या आधी खोपोलीला थांबायचं आणि प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावायचा.

रविवारी खोपोलीला थांबले. वीसच्या वीस नट तपासले. एकही हलला नाही. तिथूनच चाचांना फोन केला, राहिलेली माफी मागितली. ते म्हणाले, "बरं बरं. आई-बाबा हायत ना गाडीत? मग सावकाश."

चढ लागला. आईने पुढची सीट घट्ट धरली होती. बाबांना समोरचं धूसरच दिसत होतं, पण प्रत्येक वळण ते माझ्याआधी सांगत होते. "आता उजवीकडं. दुसरा गिअर टाक. आता क्लच सोड, चढते ती."