भैरवगढचं ठाण

खाजगी बँका येणार म्हणताच आमच्या सरकारी बँकेच्या फ्रीगंज शाखेच्या साहेबांना आम्हा सगळ्यांचं एक कुटुंब करायची घाई झाली. त्यांनी भैरवगढहून लाल फुलांच्या छापाच्या कापडाचं अख्खं ठाण आणलं आणि प्रत्येकाला त्याचे शर्ट-कुर्ते शिवायला लावले. मी तर जाम चिडले होते. उरलेल्या कापडाचे साहेबांनी पडदे केले आणि त्या पडद्यांसमोरच आमचा ग्रुप फोटो काढवला.

फोटो धुऊन आला, तर लाल फुलांवर नुसती अकरा मुंडकी तरंगत होती! पंख्यावरून वर्षभर अबोला धरलेले दोन कॅशियर एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. साहेब रडवेले झाले. "पडदे उतरवतो, दुबारा काढू या."

शाखा उघडल्यापासून पहिल्यांदाच आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "पडद्यांना हात लावाल तर खबरदार!"