येळवशीला शेत कुणाचं ते कळतं

मैत्रिणींनो, एकीनं लिहून दुसरीकडे धाडायचं आपलं फिरतं पत्र आज माझ्या हाती आलं, म्हणून ताजंच सांगते.

निवृत्तीच्या पैशांत गुलबर्ग्याबाहेर थोडी जमीन घ्यावी, असं मनात होतं. या व्यवहारात मुरलेले एक अप्पा मला धडे देत होते. पहिला धडा, हैदराबादची नवी सडक यायच्या आत घ्या. दुसरा, शेजाऱ्यांना विचारू नका, ते मोडता घालतात. हा दुसरा धडा मला खटकला.

अप्पा स्वतःचं म्हणून दाखवायचे ते शेत दर वेळी रिकामंच असायचं. आज येळवस. मालक कुटुंबासह स्वतःच्या शेतात पूजा करून तिथंच जेवतो तो दिवस. म्हटलं, आजच जाऊ.

"आज कामून, अक्का? उद्या जाऊ की."

मी टांगा बोलावला.

शेतात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती आणि एक अख्खं कुटुंब जेवत होतं. "आपली कुळं हायती," अप्पा पुटपुटले.

तिथल्या म्हातारीनं माझ्या हाती आंबिलीचा तांब्या दिला. "आजेसासऱ्यापासून आमचंच शेत हाय. इकायचं न्हाई. हे कोण म्हणायचे?"

"मला जमीन घ्यायला शिकवायलेत," मी म्हणाले. अप्पा तोवर टांग्याकडे वळले होते.

मी पोटभर जेवून आले. पैसे शाबूत आहेत.

पण या अप्पांना माझ्या घरी आणणारी आपल्यातलीच एक आहे. बाई, तुला यात काय मिळणार होतं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पापाच्या कबुलीसाठी पडद्याआड जागा असायची. या पत्रात नाही. खाली लिही, सगळ्याजणी वाचतील.