अडीचशे पाहुण्यांचं पाणी

अन्याय झाला तो वाडीवरच्या शाळेतल्या एकोणीस मुलांवर. कधी? एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, खिचडीच्या वेळेला. कोणी केला? आम्ही केला.

पत्रक असं सुरू करायचं, हे मला खोपोलीतल्या एका रिटायर्ड युनियनवाल्या काकांनी शिकवलं. "कोणावर, कधी, कोणी. पहिल्या तीन ओळींत एवढं नसेल तर तो कागद वडापाव बांधायला जातो," असं ते म्हणायचे. त्यांच्या हाताखाली कॉलेजपासून मी पत्रकं लिहिली. खड्ड्यांवर लिहिली, बंद दवाखान्यावर लिहिली, आणि 'नळ आहे, पाणी नाही' यावर तर इतकी लिहिली की तो मजकूर मला झोपेतून उठवून विचारा, स्वल्पविरामासकट सांगेन. या सगळ्या पत्रकांत 'कोणी' या जागी कायम दुसरं कोणीतरी असायचं. आपल्यावर पाळी पहिल्यांदाच आली.

वाडी कर्जतच्या बाजूची, घाटाच्या पायथ्याशी. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला अशा बऱ्याच वाड्या आहेत, त्यांतली एक. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव छापलं की दुसऱ्या दिवशी साहेब लोक तिथल्याच बायांना विचारतात, "तुम्ही कशाला बोललात?" तर या वाडीत प्रत्येक घरासमोर नळ आहे. निळा पाइप, चकचकीत तोटी, आणि तोटीशेजारी उभं राहून काढलेला फोटो कुठल्यातरी फाइलीत. तोटीतून हवासुद्धा येत नाही. सध्या त्या पाइपाला शेळ्या बांधतात, म्हणजे योजना अगदीच वाया गेली असं म्हणता येत नाही. पाणी येतं टँकरने, मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारी भरलेली दोन पिंपं शाळेने सोमवारपर्यंत पुरवायची. नाही पुरली तर ओढ्यात खणलेल्या खड्ड्यातलं पिवळं पाणी. ते पिऊन पोरं पोट धरून घरी बसतात, आणि हजेरी कमी का म्हणून नोटीस येते ती शाळेतल्या बाईंना.

आम्ही पाच जणांनी ठरवलं, शाळेला वरच्या झऱ्यावरून पाइप आणायचा, टाकी बसवायची, तिला चांगली गाळणी लावायची. खर्चासाठी शर्यत भरवू, ही कल्पना मोहोपाड्याच्या पीटीच्या सरांची. सर म्हणाले, "लोकांना पळायला आवडतं. पळायचे पैसे देतात."

"पळायचे पैसे?" खालापूरचे चाचा म्हणाले. टेंपो त्यांचा, म्हणून आमच्यात त्यांचं वजन जास्त. "आमच्या वेळेला कुत्रा मागे लागला की फुकटात पळायचो."

चाचा हसले, पण टेंपो दिला. रस्त्यालगतच्या मैदानापासून शाळेपर्यंत अडीच किलोमीटर वर, शाळेला वळसा, अडीच किलोमीटर खाली, असा मार्ग ठरला. पाण्याची टेबलं खाली मैदानात आणि अर्ध्या वाटेवर. वर शाळेपाशी नाही, कारण शेवटच्या मातीच्या चढावर टेंपो चढत नाही. "अडीच किलोमीटरला कोणी मरत नाही," सर म्हणाले. विषय मिटला.

मग आम्ही वाडीत कळवायला गेलो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी शाळेच्या शेजारीच राहतात आणि वाडीत त्यांचा शब्द चालतो, म्हणून आधी त्यांच्याकडे.

"किती माणसं येणार?" त्यांनी विचारलं.

"अडीचशे!" मी अशा थाटात सांगितलं, की जणू मीच त्यांना जन्म दिलाय.

मावशींनी विळी बाजूला ठेवली. "सगळी हितपर्यंत?"

"हो. शाळेला वळसा घालून परत."

"जेवायला नाय ना?"

"नाही हो मावशी. तुम्ही काही म्हणजे काहीच करायचं नाही. नुसत्या टाळ्या वाजवायच्या."

"काय करायचं नाय," त्या म्हणाल्या. "बरं."

उतरताना सर म्हणाले, "बघा, किती समजूतदार बाई!" माझी आत्यासुद्धा असंच 'बरं' म्हणते, आणि तोपर्यंत तिचं सगळं ठरून गेलेलं असतं. हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात तेव्हा बॅनरचा मजकूर होता.

रविवारी सकाळी मी शाळेजवळच्या वळणावर रंगीत रबरबँडची पिशवी घेऊन उभी. वर आल्याची खूण म्हणून प्रत्येकाला एकेक रबरबँड द्यायचं, नाहीतर लोक अर्ध्यातूनच वळतात. चांगल्या कामाच्या शर्यतीतही वळतात, असा सरांचा अनुभव. आणि बघते तर शाळेच्या फाटकाशी वाडीतल्या बाया ओळीने उभ्या. ठेवणीतल्या साड्या, पुढे हंडे, कळश्या, हातात स्टीलचे पेले. मावशी सगळ्यांत पुढे.

पहिला आला तो उंच, टकल्या, मनगटावर भलंमोठं घड्याळ. मावशींनी पेला पुढे केला. तो गटागट प्यायला. दुसरा पेला घेतला आणि सरळ डोक्यावर ओतला. "थँक यू, आंटी!" म्हणाला आणि रबरबँड घेऊन उताराला लागला. त्याच्यामागून जो आला त्याने तेच केलं. जी आली तिने तेच केलं. पळणाऱ्यांची ती सवयच आहे, त्यात त्यांना काही वाटत नाही. शहरातल्या शर्यतीत पाणी टेबलावर मांडलेलं असतं, अर्धं घशात, अर्धं टाळक्यावर. फाटकासमोरची लाल माती चिखल होऊन गेली. मावशींचा हात मधेच एकदा थांबला, मग त्यांनी पुन्हा पेला भरला. तो थांबलेला हात मी पाहिला. मला वाटलं, बाई दमली. मी आपली मोबाइलवर व्हिडिओ काढत होते आणि मनात पत्रकाची ओळ जुळवत होते, 'वाडीने मनाची दारं उघडली' अशा छापाची. ऊन चढलं तसे मीही दोन पेले प्यायले. खोटं कशाला बोलू, पाणी गार होतं.

खाली मैदानात बक्षीस समारंभ झकास झाला. टाकीपुरतं जमलं होतं. चाचांनी कोणाला तरी मिठी मारली, तो कोण होता ते त्यांना अजून माहीत नाही.

सोमवारी दुपारी मी आणि सर मोजपट्टी घेऊन टाकीची जागा बघायला गेलो. पोरं व्हरांड्यात ओळीने बसलेली, पुढे रिकाम्या ताटल्या. चूल थंड. दोन्ही पिंपं पालथी.

"मावशी, खिचडी नाही आज?"

"कशात शिजवू? थुकीत? वढ्यातला खड्डाबी आटलाय."

सरांनी मोजपट्टी खिशात घातली. "अहो, पण तुम्हाला काही करू नका म्हणालो होतो ना आम्ही..."

"सर, तुमच्या दारात माणूस धापा टाकत आला, तर तुमी काय टाळ्या वाजवता?"

शिट्टी वाजवून दोनशे पोरांना गप्प करणारा माणूस, पालथं पिंप उगाचच सरळ करून ठेवायला लागला.

मावशी सांगत होत्या, आवाज न चढवता. सांगत होत्या ते आम्हाला लागत होतं. "आधी घरातलं काढलं. ते संपलं, तरी माणसं येतच होती. मग शाळेचं काढलं. पोरांचं होतं, पण म्हटलं, यांचा टेंपो खाली हाय, पाण्याचे जार मी सोता बगितलेत. जाताना पाठवून देतील. सांगायला कशाला लागतंय?"

आता तो भाग, जो मला लिहावासा वाटत नाही. जार उरले होते. बरेच उरले होते. आणि बक्षीस समारंभाच्या आधी धूळ उडू नये म्हणून आम्ही ते मैदानावर शिंपडले होते. मुलांच्या स्वच्छ पाण्यासाठी शर्यत भरवणारे आम्ही पाच शहाणे. मी स्वतः तीन जार ओतले.

व्हरांड्यातली एक तिसरीतली मुलगी मघापासून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच. "ताई, ती माणसं घरून आंघोळ करून नव्हती आली का?"

सगळी पोरं हसली. मावशीही हसल्या. मला हसू आलं नाही आणि रडणं शोभलं नसतं, म्हणून मी चाचांना फोन लावला.

चाचांनी गिऱ्हाइकाचा माल गोदामातच ठेवला आणि तासाभरात पाण्याचे जार भरून आले. टेंपो नेहमीच्या जागी, मातीच्या चढापाशी अडला. तिथून पुढे आम्ही. वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन चढ चढणं काय असतं, ते एकदा बघाच. सरांनी जार पोटाशी धरला होता, बारशाच्या बाळासारखा, आणि दर वीस पावलांवर त्याला खाली निजवत होते. मी दोनदा घसरले. बाया खाली आल्या, जार कळश्यांत रिकामे केले, डोक्यावर दोन-दोन चढवल्या आणि आमच्या शेजारून गप्पा मारत वर गेल्या.

"काल तर लई पळत होतात गं!" एक म्हणाली.

"काल हात रिकामे होते, भाभी," चाचा धापा टाकत म्हणाले.

शाळा सुटायची वेळ टळून गेली तेव्हा खिचडी शिजली. एकोणीसही पोरं थांबली होती. बाईंनी हजेरीच्या वहीत काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

घरी गेले तर बाबा विहारासाठी निळ्या पताका कापत बसलेले, चौदा एप्रिल जवळ आला होता. मी सगळं सांगितलं. बाबांनी कात्री थांबवली नाही. "आपली माणसं पाण्यासाठी चालत गेली होती, ह्याच जिल्ह्यात. तू पळत गेलीस, चांगलं केलंस. पण कुणाच्या हंड्यातलं पिऊन आलीस?" मी पताका चिकटवायला बसले. त्या दिवशी मला एकही घोषणा सुचली नाही, आणि घरच्यांच्या मते हा वर्षातला सर्वांत शांत दिवस होता.

पावसाळ्यानंतर टाकी झाली. झऱ्याचं पाणी पाइपने येतं, गाळणीतून तोटीला उतरतं. पोरं हिवाळाभर ते पाणी प्यायली, आणि पोटदुखीच्या सुट्ट्या कमी झाल्या असं बाई सांगतात. पण फेब्रुवारी सरला की झरा बारीक होतो, आणि शाळा पुन्हा टँकरच्या दोन पिंपांवर येते. दुसरी, मोठी टाकी हवी. म्हणजे पुन्हा शर्यत.

यावेळी आम्ही मावशींना कळवायला गेलो नाही, विचारायला गेलो. त्यांनी अट घातली. "रिकाम्या हाताने वर कोण येणार नाय. येक बाटली भरून आणायची आन् पिंपात ओतायची. मग वळायचं." आणि पाहुण्याला पाणी न विचारणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून तोडही त्यांनीच काढली. प्रत्येकाच्या हातावर कच्ची करवंदं, मीठ लावून.

आम्ही ते पत्रकात ठळक छापलं. एका फार्महाउसवाल्या गृहस्थांचा फोन आला. "बाटली घेऊन पळायचं म्हणजे माझं टायमिंग जाणार."

"जाऊ द्या," मी म्हटलं. सर म्हणतात, तू फोन उचलत जाऊ नकोस.

शर्यतीच्या दिवशी मावशी पिंपाशी ठाण मांडून होत्या. प्रत्येक बाटली उजेडात धरून बघायच्या, मगच मला मान हलवायच्या, मगच रबरबँड. एक तरणाताठा गडी अर्धी बाटली घेऊन आला.

"अर्धीच? वाटेत प्यालास काय रं?"

"तहान लागली, आंटी."

"पोरांनाबी लागते," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या हातावर करवंदं ठेवली. त्याने एक तोंडात टाकलं, आंबट चेहरा केला, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, पुढच्या दोन म्हाताऱ्यांच्या बाटल्या त्यांच्या हातातून घेऊन स्वतः ओतल्या. पिंपं भरली. कळश्या भरल्या. सोमवारी खिचडी वेळेवर झाली.

छान वाटलं ना वाचून? मलाही छान वाटलं. म्हणूनच सांगते, थांबू नका. अडीचशे माणसांनी बाटल्या वाहून एक सोमवार निभावला. वर्षात सोमवार किती असतात? आणि नळ आणून देणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते केलं असतं, तर आम्ही काय हौसेने पळत होतो? आम्ही पळतो कारण ती पोरं थांबू शकत नाहीत. पण आमच्या पळण्याने कोणाची जबाबदारी सुटत नाही. त्यांचीही नाही, तुमचीही नाही.

तेव्हा शर्यतीची फी भरून मोकळे होऊ नका. तुमच्या घराजवळ जी शाळा आहे, खालापुरात असो, कर्जतला असो, कुठेही, तिथे या आठवड्यात शाळेच्या वेळात जा. पोरं जिथून पितात तिथूनच पेला भरा आणि सगळ्यांसमोर पिऊन दाखवा. पिववत नसेल तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत लेखी अर्ज द्या. कोणत्या शाळेतल्या मुलांवर, कधीपासून, कोणामुळे, हे पहिल्या तीन ओळींत लिहा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथल्या खुर्चीवरून उठू नका.