सेन्यो ओतिलियाची चोवीसची कसोटी

तर ती पोर उभीच राहिली. बाकीचा वर्ग माना डोलावून मोकळा झाला होता. फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'चारनं भाग जातो, सहानंही जातो, म्हणजे चोवीसनं जाणारच.' आणि मागच्या बाकावरची येसेनिया एकटी उभी.

"काय गं?" सेन्यो ओतिलियानं विचारलं. सेन्यो म्हणजे आमच्याकडची मास्तरीणबाई.

"सेन्यो, बारा."

"बारा काय?"

"बाराला चारनं भाग जातो. सहानंही जातो. पण बारातून चोवीस कुठून काढायचे?"

वर्ग खो खो हसला. "शेजारणीकडून उसने आणायचे!" पुढून कुणी तरी ओरडलं. अहो, या शाळेत सेन्योच्या तासाला हसू काही नवं नव्हतं, तीच पोरांना हसवायची. पण त्या दिवशी ते हसू तिच्या पाठीवर येऊन आदळलं. तिचे कान तापले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांची मोजणी तू मला शिकवणार? बस खाली!"

पोर बसली. वर्गाचं हसू तिथल्या तिथं फिरलं आणि पोरीवर उलटलं.

आता भागाकारात वडील कुठून आले, असं तुम्ही विचाराल. आमच्या चुइसिवान गावात दिवसाला एक नाव असतं आणि एक आकडा असतो. नावं वीस, आकडे तेरा. दोन्ही आपापल्या फेऱ्या मारत असतात, आणि आज जी जोडी जुळली ती पुन्हा जुळायला दोनशे साठ दिवस लागतात. एकही आधी नाही, एकही नंतर नाही. हे दिवस सांभाळणारा माणूस म्हणजे ताता कालिश्तो, ओतिलियाचे वडील. पेरणी कधी, सोयरीक कधी, आजाऱ्यासाठी डोंगरावर धूप कधी जाळायचा, सगळं त्यांना विचारून. आणि त्यांची ही एकुलती एक लेक शहरात जाऊन मास्तरीण होऊन आली, तेव्हा म्हातारी माणसं कुजबुजली होती, आता ही पोरांना आपलं सगळं विसरायला लावणार.

तिनं काय करावं? पुठ्ठ्याचं खोकं कापून दोन चाकं केली, एक तेरा दातांचं, एक वीस दातांचं, आणि वडिलांनाच वर्गात बोलावलं. ताता कालिश्तो टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले, चाकं फिरवली, आणि पोरांनी दोनशे साठपर्यंत मोजून काढलं. खिडकीबाहेर आयाबाया गोळा झालेल्या. त्या दिवसापासून शाळा गावाची झाली. पालकांच्या समितीत तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती.

शिकवायची मात्र झकास हं. म्हणायची, "सहाच्या दाराला दोन कड्या आहेत, एक दोनची, एक तीनची. दोन्ही निघाल्याशिवाय दार उघडत नाही." मग पोरं शेवटचा आकडा सम आहे का बघायची, अंकांची बेरीज तीननं जाते का बघायची, आणि दार उघडलं की टाळ्या. पंधराच्या कड्या तीन आणि पाच. बाराच्या तीन आणि चार. पोरं बसच्या पाटीवरचा आकडा सोडायची नाहीत, विजेच्या मीटरचा सोडायची नाहीत. एकदा पाद्रीबाबा प्रवचनात कुठल्याशा अध्यायाचा आकडा बोलले, तर मागून आवाज आला, "पंधरानं जातो!" पाद्रीबाबा पुढचं वाक्यच विसरले.

आणि दर वेळी शेवटी ती चाकं निघायची. दोन चाकं भेटतात कधी? दोघांचा गुणाकार होईल तेव्हा. झाला नियम: दोन्ही आकड्यांनी भाग गेला की त्यांच्या गुणाकारानंही जाणार. पुस्तकात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की दोन्ही संख्या सहमूळ असाव्यात, म्हणजे एक सोडून दोघांना भागणारं सामाईक काही नसावं. ती ओळ सेन्योला उगाच किचकट वाटायची. चाकं समोर असताना पोरांचं डोकं कशाला खायचं? आमच्याकडे लहानाथोरांना तेरा आणि वीस रक्तातच ठाऊक, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. आली ती येसेनियाला.

शाळा सुटल्यावर पोरं तिच्या मागं लागली. "बारातून चोवीस! बारातून चोवीस!" "आली बघा नवी दिवस मोजणारी! आजीबाई, माझ्या कोंबडीचा मुहूर्त सांगा!" ती रडली नाही. घरी मात्र गोष्ट तिच्या आधी पोचली, आणि पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं होतं: नान तोमासाच्या लेकीनं, म्हणजे येसेनियानं, ताता कालिश्तोंच्या मोजणीला खोटं ठरवलं.

ओतिलियाला हे कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर देवापुढं नव्या मेणबत्त्या जळत होत्या आणि ताता कालिश्तो गोड कॉफीत पाव बुडवून खात होते.

"या कुणी आणल्या, ताता?"

"तोमासानं. साखरही आणली. म्हणाली, पोरीची जीभ घसरली, मोजणीला नावं ठेवली, घरावर काही संकट येऊ देऊ नका. घाबरली होती बिचारी. मी माफ केलं."

ओतिलियाच्या हातातली पिशवी हातातच राहिली. सांगायला हवं होतं, की पोरीनं मोजणीबद्दल चकार शब्द काढला नाही, ती मला बोलली. "आणखी कॉफी देऊ?" एवढंच तिनं विचारलं.

पुढं दोन दिवस येसेनियाचं बाक रिकामं. तिसऱ्या दिवशी एका पोरीनं हजेरीला सांगून टाकलं, "सेन्यो, ती आता येणार नाही. आत्या तिला शहरात नेणार आहे, तोर्तियांच्या दुकानात, मक्याच्या भाकऱ्या थापायला. उद्याच्या बसनं. तिची आई म्हणते, शाळेत जाऊन नुसती जीभ वाढते."

तोर्तियांच्या दुकानात गेलेली पोर परत वर्गात आलेली आमच्या गावानं पाहिलेली नाही. सणाला येते, नवा झगा घालून, हाताला चटके घेऊन.

शाळा सुटल्यावर ओतिलिया वर्गातच थांबली. खरं म्हणजे बारा म्हटल्याबरोबर तिला कळलं होतं. चार दिवस ती कळलेलं पदराखाली झाकून फिरत होती. तिनं पुठ्ठा घेतला, एक चार दातांचं चाक कापलं, एक सहा दातांचं, दोन्हींवर कोळशानं खूण केली आणि फिरवली. बाराव्या दाताला खुणा समोरासमोर. पुन्हा फिरवली. पुन्हा बाराव्यालाच. चोवीसपर्यंत थांबायला ती चाकं तयारच नव्हती.

ती दोन चाकं घेऊन ती घरी गेली आणि वडिलांसमोर ठेवली.

"ताता, पोरगी बरोबर होती."

म्हाताऱ्यानं चाकं उलटीसुलटी करून पाहिली. "म्हणजे माझ्या मोजणीत खोट?"

"नाही हो. तेरा आणि वीस एकमेकांचे कुणी लागत नाहीत, म्हणून त्यांना पूर्ण दोनशे साठ चालावं लागतं. चार आणि सहा भाऊबंद आहेत. दोघांच्या पोटात दोन आहेत, म्हणून लवकर भेटतात. चोवीस पाहिजे तर तीन आणि आठ घ्यायला हवे होते. मी तुमचा नियम उचलला आणि जिथं लागत नाही तिथं लावला."

"मग सांग वर्गात. माझं नाव घेऊ नकोस."

"तुमचं नाव घेऊनच तिला खाली बसवलं मी."

ताता कालिश्तोंचा चेहरा दगडासारखा झाला. "इतकी वर्षं लोक माझ्या दारात येतात. उद्या म्हणतील, लेकीनंच बापाची चाकं मोडली. आणि मेणबत्त्या? त्या जळून गेल्या. देवाला काय सांगू, चुकून घेतल्या?"

"मलाही ठाऊक नाही, ताता."

"मग जा. तुला जे करायचं ते कर." आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. लेकीकडे पाठ करून बसलेले ताता कालिश्तो तिनं जन्मात पाहिले नव्हते. ती उंबऱ्यात थोडी घुटमळली. त्यांनी काही मान वळवली नाही.

नान तोमासाचं घर घळीच्या पलीकडे. अंगणात गाठोडं बांधून ठेवलेलं. तोमासा चुन्यात उकडलेला मका धूत होती, आणि येसेनिया भिंतीला टेकून शेंगांतल्या घेवड्याचे दाणे काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"सेन्यो, माफी मागून झाली आमची," तोमासा म्हणाली. "मेणबत्त्या पोचल्या ना?"

"पोचल्या. म्हणूनच आले. माफी मागायची होती ती मी. पोरगी खरं बोलली, नान तोमासा. फळ्यावरचं चूक होतं."

तोमासाचे हात पाण्यातच थांबले. मग ती हसली. बरं नव्हतं ते हसू. "बघा सेन्यो, तुम्ही मोठ्या घरच्या. तुमचं चुकलं तर ती चूक. आमच्या पोरीचं बरोबर आलं तरी तो उद्धटपणा. चार रात्री मी झोपले नाही. धाकट्याला जरा खोकला आला, तर वाटलं, आलं संकट."

"तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन."

"ऐकून घेऊन माझी झोप परत येणार आहे? पोरं रस्त्यानं ओरडत होती, ते थांबणार आहे?"

"उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तातांचं नाव मी कसं वापरलं, तेही."

"तातांना चालेल?"

"नाही. बोलत नाहीत माझ्याशी."

तोमासानं तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मका निथळत ठेवला, हात पुसले. "आत्याला मी थांबवीन," ती म्हणाली. "ती चार शिव्या देईल, देऊ दे. पण पोर येईल की नाही, ते मला विचारू नका. तिचं तिला विचारा."

ओतिलिया येसेनियासमोर जमिनीवरच बसली. घेवड्याची एक शेंग उचलून सोलायला लागली. पोरीनं आणखी दोन शेंगा सोलल्या. मग दाण्यांकडे बघतच तिनं विचारलं, "सेन्यो, पुढं कधी तुमचं परत चुकलं, तर मी बोलायचं का?"

सेन्यो ओतिलिया तिला म्हणाली, "बोलायचं. मला राग येईल, येसेनिया, माझा स्वभाव काही एका दिवसात जाणार नाही. तू मात्र मी नीट उत्तर देईपर्यंत उभी राहा."