आई, मी आणि पंचविशीची अट

मी आणि माझी आई एकाच वर्गात शिकतो. रोह्याच्या कॉलेजात, एम.ए. मराठी, पहिलं वर्ष. ती पहिल्या बाकावर बसते. मी शक्य तितका लांब.

एकदा खेळाचे सर वर्गात आले. "पेणला कॉलेजांच्या धावण्याच्या स्पर्धा आहेत. एम.ए.वाल्यांनाही भाग घेता येतो."

आईचा हात वर. ती कासूकडची, लहानपणी मिठागराच्या बांधांवरून अनवाणी पळायची म्हणे. (आम्ही घरात ते हसण्यावारी न्यायचो.)

"ताई, वय पंचविशीच्या आत लागतं," सर हळूच म्हणाले.

"पण मी विद्यार्थिनीच हाय ना?"

"आहात. पण नियमात बसत नाय."

आईचा हात खाली आला. तिचा चेहरा मला बघवेना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माझं नाव लिहा." माझं वय बसत होतं. बाकी काहीच बसत नव्हतं, धावायची चड्डीसुद्धा.

पेणच्या मैदानावर पंधराशे मीटर. पहिल्या फेरीत सगळे माझ्या पुढे गेले. नंतर त्यातलेच काही मागून येऊन पुन्हा पुढे गेले. मी थांबणार, इतक्यात चुन्याच्या रेघेबाहेर आई दिसली. साडी खोचलेली, चपला हातात.

"खांदे सैल सोड. चल माझ्यासंगं."

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. पाय उचल."

ती बाहेरून धावत होती, म्हणजे अंतर तिलाच जास्त. वर बोलतही होती. मला श्वास पुरेना. शेवटच्या वळणावर ती मला विसरली. खरंच विसरली. नजर समोर, पाय जमिनीला टेकतायत की नाही कळेना. दोन दमलेल्या पोरांना मागे टाकून ती सुसाट गेली. मी धावायचं सोडून बघतच राहिलो. इतकी वर्षं ही बाई आमच्या घरात भाकऱ्या थापत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पंच आईजवळ गेले. "ताई, कुठल्या कॉलेजच्या तुम्ही?" त्यांनी अगदी आदराने विचारलं. मग माझ्याकडे वळून मला बाद केलं. कारण, बाहेरची मदत घेतली. मदत घेऊन शेवटचा आलेला तिथे मी एकटाच होतो.

"काळजी नको," सर म्हणाले, "पुढच्या वर्षीही याचं वय बसतंय."

"मग धावंल की," आई म्हणाली.

तेव्हापासून मी लवकर म्हातारं व्हायच्या प्रयत्नात आहे.