बाळाच्या नावाने एक जिलबी

मंडळी, आज नेपरव्हिल गावात एका ओळखीच्या घरी बारशाला गेले होते. वजन घटवण्यासाठी माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. गोड खाल्लं की घाम फुटतो, उलटी होते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी यजमानीण काकूंनी जिलबी ओठांशी आणली. "बाळाच्या नावाने एक घास. नाही म्हणू नये गं."

मी खाल्ली. थोड्याच वेळात मी बाथरूममध्ये ओकत होते आणि दाराबाहेर काकू हसत होत्या, "आधी ही अख्खी परात संपवायची, आता एक घास झेपत नाही."

गेल्या वर्षी, ऑपरेशनआधी, याच काकू जेवताना मला सर्वांदेखत म्हणाल्या होत्या, "पुरे कर, बाकीच्यांना ठेव."

निघताना त्यांनी जिलब्यांचा डबा हातात दिला. मी तो त्यांच्यासमोरच कचऱ्यात रिकामा केला. आता मी उद्धट ठरलेय.

तुमच्या घरी पाहुण्याचं 'नको' कोणी ऐकतं का?